करून देणारा माणूस

मराठीच्या वर्गात संयुक्त क्रियापदे शिकवताना 'करून देणे' आणि 'करून टाकणे' यांतील फरक फळ्यावर मांडणे सोपे असते. मुख्य क्रियापद तेच राहते. सहायक क्रियापद बदलले की करणाऱ्याचे कामाशी आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्याच्याशी असलेले नाते बदलते. 'देणे' आले की क्रियेचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते. 'टाकणे' आले की काम उरकते, हातावेगळे होते. पत्र लिहून दिले आणि पत्र लिहून टाकले, अशी दोन उदाहरणे देऊन आपण पुढच्या घटकाकडे वळतो. या फरकावर एखाद्या माणसाचे रोजचे येणेजाणे अवलंबून असू शकते, ही गोष्ट मात्र आम्हांला नांदेड आणि लातूर येथील गॅरेजे पालथी घालताना उमगली.

हे लेखन आम्ही दोघांनी मिळून केले आहे. आमच्यापैकी एक जण नांदेडच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरा लातूरच्या. लातूरला असणाऱ्याच्या दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झाला. आमच्या पिढीत हे दुर्मीळ नव्हते; प्रत्येक शाळेत असा एखादा वर्गमित्र असे. देशात पल्स पोलिओ मोहीम 1995 साली सुरू झाली, 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. रोग गेला. तो झालेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, नोकऱ्या करते आहे आणि दररोज घराबाहेर पडते आहे.

या पिढीचे वाहन म्हणजे साइड व्हील लावलेली स्कूटर. लोक तिला तीनचाकी म्हणतात. मोजली तर चाके चार भरतात. पुढचे एक, मागचे मूळ चाक आणि त्याच्या दोन्ही अंगांना जोडलेली दोन. 1984 साली कायनेटिक होंडा आली आणि गिअर व किक या दोन्हींपासून सुटका झाली. पुढे 2001 पासून ॲक्टिव्हा आली. पायांत बळ नसलेल्या माणसाला हातांच्या भरवशावर एकट्याने गाव गाठता येऊ लागले. 'कोणी सोडायला येतं का?' हा प्रश्न ज्याला रोज सकाळी विचारावा लागला आहे, त्याला या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

अडचण रस्त्यांशी सुरू होते. साइड व्हीलचा सांगाडा स्कूटरच्या खालून बांधलेला असतो. त्याच्या आधारपट्ट्या फूटबोर्डाखालून पुढे जातात, त्यामुळे मूळ गाडी जमिनीपासून जेवढी उंच असते तेवढी ती उरत नाही. आम्ही पट्टीने मोजले तेव्हा सर्वांत खालची पट्टी जमिनीपासून 4 इंचांवर होती. गतिरोधकाविषयी इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत आहे: उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 4 इंच, पण ती 3.7 मीटर रुंदीवर हळूहळू चढत जावी. आपल्याकडे उंची तेवढी किंवा त्याहून अधिक असते आणि रुंदी मात्र हातभर. पुढचे चाक पलीकडे उतरते आणि गाडीचे पोट उंचवट्यावर टेकते. त्यात आपली काळी जमीन. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी थर तिच्याबरोबर वर-खाली होतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वजनाने रस्त्याला चाकोऱ्या पडतात. साइड व्हील दोन्ही काठांवर आणि मधले चाक चाकोरीच्या खोलात, अशी स्थिती आली की एक विचित्र गोष्ट घडते. इंजिनाची शक्ती फक्त मधल्या चाकाला मिळते आणि ते चाक अधांतरी फिरत राहते. इंजिन ओरडते, गाडी जागची हलत नाही. चालक उतरून ती ढकलू शकत नाही. मग रस्त्यावरचे लोक येतात, ढकलतात, सहानुभूती दाखवतात आणि घरी कोणी नाही का, असेही विचारतात.

यावर उपाय उघड होता. गाडीचे शॉकअप बदलून तिची उंची वाढवायची आणि साइड व्हीलना स्वतंत्र शॉकअप बसवायचे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या खड्ड्यात आपापले उतरेल. प्रश्न एवढाच होता की हे करणार कोण?

पहिल्या ठिकाणी आम्हांला नम्रपणे सांगण्यात आले की गाडीला हात लावला तर वॉरंटी जाते. दुसऱ्या ठिकाणी साइड व्हीलचा तयार संच बसवून मिळत होता. तो जसा येतो तसाच बसवायचा, त्यात फेरफार नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग उत्तम होते, परंतु त्यांनी आजवर शेड, जिने आणि ट्रॉल्या केल्या होत्या. चालत्या गाडीची जबाबदारी त्यांना नको होती. त्यांचा नकार आम्हांला प्रामाणिक वाटला. चौथे ठिकाण तरुणांचे होते. तिथे मोटरसायकली उंच करून, रंगवून, वेगळ्या आवाजाच्या करून मिळत. त्यांनी हसतमुखाने विचारले, "किती इंच पाहिजे सर? चार? सहा? करून टाकू." दोन दिवसांत काम होणार होते. आमच्यातल्या एकाने तेव्हाच दुसऱ्याकडे पाहिले. व्याकरणाची सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

उंची वाढवणे ही एकट्या उंचीची बाब नसते, हे आतापर्यंत आमच्या ध्यानात येऊ लागले होते. मोटरसायकल वळणावर आतल्या बाजूला झुकते आणि त्या झुकण्याने स्वतःला सावरते. साइड व्हीलच्या गाडीला झुकता येत नाही. ती वळताना चालकाला आणि गाडीला बाहेरच्या बाजूला लोटणारा जोर सगळा बाहेरच्या चाकावर येतो. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि आपल्या वाहतुकीच्या नियमानुसार तिला उजवीकडे वळत वळसा घालावा लागतो; तो पूर्ण होईपर्यंत डावे चाक सारा भार सोसत असते. गाडी उलटणार की नाही, हे दोन मापांच्या प्रमाणावर ठरते: चाकांमधले अंतर आणि भारकेंद्राची उंची. उंची वाढवली आणि रुंदी तीच ठेवली तर गोलाई धोक्याची होते. केवळ मागचा भाग उचलला तर पुढच्या चाकाचा कल बदलतो, हँडल हलके होते आणि वेगात थरथरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी उंच झाली की सीटही उंच होते. ज्याला कुबड्यांवर उभे राहून, हातांनी अंग उचलून सीटवर बसायचे आहे, त्याच्यासाठी एकेक इंच मोजावा लागतो. खड्डा पार करणारी, पण जिच्यावर बसताच येत नाही, अशी गाडी काय कामाची?

पाचवा माणूस नांदेडला, देगलूर नाक्याकडे सापडला. वय साठीच्या पुढचे, दुकानावर पाटी नाही, आजूबाजूचे सगळे त्यांना चाचा म्हणत. स्कूटर लातूरहून छोट्या हत्तीत घालून अहमदपूर, लोहा या वाटेने आणली होती. आम्ही गाडीविषयी सांगू लागलो तेव्हा त्यांनी हातानेच थांबवले.

"गाडी बाद में देखते सर. बैठनेवाले कौन?"

हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. सगळे गाडीभोवती फिरले होते, वाकून खाली पाहिले होते, मापे काढली होती. चाचांनी आमच्यातल्या बसणाऱ्याला तीन वेळा बसायला आणि उतरायला लावले. कोणत्या बाजूने उतरता, घरासमोर उतार आहे का, कुबड्या कुठे ठेवता, कोणत्या हातात जोर जास्त, असे एकेक विचारत गेले. टेप काढून जमिनीपासून सीटपर्यंतचे आणि मग कमरेपर्यंतचे अंतर घेतले. नंतर गाडीखाली गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "चार इंच नक्को. चार किया तो गाडी चढेंगी, तुम नै चढते. दो इंच करके देता."

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. इथल्या कारागिरीची बोली अजूनही बरीचशी दखनी आहे, आणि तिच्यातही 'करके देना' हा प्रयोग आपल्या 'करून देणे'च्या अर्थाचाच आहे. चाचांनी आठ दिवस सांगितले, लागले वीस. तीन वेळा फोन करावा लागला, दोनदा ते चिडले. परंतु झालेले काम असे होते: पुढचे आणि मागचे दोन्ही शॉकअप सारख्या मापाने वाढवलेले, साइड व्हीलना स्वतंत्र शॉकअप, प्रत्येक बाजूला चाक दोन इंच बाहेर काढलेले, फूटबोर्डाखालच्या पट्ट्या तिरप्या करून वर घेतलेल्या, आणि सीटचा फोम तासून दीड इंच खाली आणलेला. म्हणजे गाडी दोन इंच उंचावली आणि माणसाला चढायला वाढले केवळ अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचासाठी त्यांनी डाव्या अंगाला धरायला एक लोखंडी कडी लावून दिली. ती आम्ही सांगितलेली नव्हती.

यात नवल वाटण्याजोगे काही असेल तर ते कौशल्याहून विचारण्याच्या क्रमात आहे. याची तुलना आम्हांला जयपूर फूटशी करावीशी वाटते. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जयपूरला हा कृत्रिम पाय घडला, तो डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या बरोबरीने रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून. शर्मांचे शालेय शिक्षण जेमतेम होते. पाश्चात्त्य पद्धतीचा पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनला होता. आपल्याकडच्या माणसाला उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते, चिखलात अनवाणी चालायचे असते. आधी जगणे पाहिले गेले, मग पाय घडला. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवी नसलेल्या कारागिरांना अशा कथांत सहसा दुय्यम जागा मिळते, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी तरी घ्यावी.

चाचांनी आणखी एक गोष्ट बजावली: कागद करून घ्या. कायद्याचा हा भाग भाषेच्या दृष्टीने फार बोलका आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटले होते. इंग्रजीत हा शब्द एका उच्चाराने आजारी, अधू माणसाचा वाचक होतो आणि दुसऱ्या उच्चाराने अवैध, रद्दबातल असा अर्थ देतो. अक्षरे मात्र तीच. हा शब्द असलेले नोंदणीपुस्तक ज्याने वर्षानुवर्षे खिशात बाळगले, त्याने हा श्लेष मनातल्या मनात अनेकदा वाचलेला असतो. 2019 च्या दुरुस्तीने ती संज्ञा वगळली आणि 'ॲडॅप्टेड व्हेईकल' ही आणली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असा निकाल दिला होता. दुरुस्त कलम 52 ने त्याला एक दार ठेवले: विहित अटी पाळून कोणालाही आपले वाहन अपंग व्यक्तीच्या वापरासाठी बदलून घेता येते आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी त्यानंतर घेता येते. आम्ही तपासणी करून घेतली, नोंद झाली.

आपली मराठीही या बाबतीत निर्दोष नाही. कमकुवत कारणाला आपण 'लंगडी सबब' म्हणतो, अविचारी कारभाराला 'आंधळा कारभार' म्हणतो, आणि हे प्रयोग निबंधात आले की खूण करून वाहवाही देतो. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले, महाराष्ट्रात 2022 साली त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. शब्द बदलण्याला आमचा विरोध नाही. 'इनव्हॅलिड' गेल्याचा आनंदच आहे. परंतु आमच्या अनुभवात सन्मानाचा सर्वांत नेमका शब्द एका पाटी नसलेल्या दुकानात ऐकू आला, आणि तो होता 'बैठनेवाले'. त्यात व्यंगाचा उल्लेख नाही आणि दिव्यत्वाचाही नाही. गाडीशी माणसाचे जे नाते आहे, तेवढेच त्यात आहे.

कायद्याने परवानगी दिली, तरी ती वापरायची कोणाच्या हातून, हा प्रश्न उरतोच. चाचांच्या दुकानात शिकाऊ मुलगा नाही. त्यांची मुले दुसऱ्या उद्योगांत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेप्रमाणे महाविद्यालयांत समान संधी केंद्रे असतात. त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील अशा कारागिरांची एक साधी यादी ठेवली आणि अभियांत्रिकी वा आयटीआयच्या दोन-चार मुलांना अशा दुकानात महिनाभर बसवले, तरी पुष्कळ होईल. मुलांना तिथे वेल्डिंगच्याही आधी बसणाऱ्याकडे पाहायला शिकता येईल. आमच्या गाडीपुरते सांगायचे तर 200 किलोमीटर चालवून पुन्हा दाखवायला यायचे, असे चाचांनी ठरवून दिले होते. त्याप्रमाणे ती नेली. त्यांनी एक नट आवळला, उजवा शॉकअप थोडा नरम केला आणि पैसे घेतले नाहीत. आता दर सहा महिन्यांनी यायला सांगितले आहे.