ब्रेकचे पेडल मऊ लागते तेव्हा

मोटारीचा ब्रेक ही अशी वस्तू आहे की, ती ठीक असेपर्यंत तिची आठवण कोणासही होत नाही. इंजिन कुरकुरू लागले की शेजारीपाजारीही सल्ले देतात. रंग उडाला की घरातील मुलांना लाज वाटते. परंतु ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा दोन बोटे अधिक खाली जाऊ लागले, तर चालकाचा पाय निमूटपणे तेवढा अधिक खाली जातो आणि गोष्ट तेथेच राहते. पायास सवय होते, हाच यातील मोठा धोका होय. आपली पुष्कळ कुटुंबे दिमोना, बेर-शेवा, येरुहाम अशा दक्षिणेकडील गावांत राहतात. सुटीत मृत समुद्राकडे जायचे, तर अरादपासून नवे झोहरपर्यंत पंचवीस-एक किलोमीटरांत सुमारे १००० मीटर खाली उतरावे लागते. खोपोली-खंडाळ्याचा घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांस अशा उताराचा अर्थ निराळा सांगावयास नको. म्हणून या रूक्ष वाटणाऱ्या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

आमच्या थोरल्या दिरांकडे १९८९ साली तयार झालेली एक जर्मन मोटार आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मोठी, जड, आत कातडी बैठका असलेली, आपल्या काळी श्रीमंतांच्या दारी शोभणारी ही गाडी भाऊजींनी जुनी म्हणून विकत घेतली, तीही गिरणीतील नोकरीची अखेरची वर्षे चालू असताना, पै पै साठवून. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि गाडी सात महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. नंतर पुतण्याने ती एका गॅरेजात नेली. तेथे चारही चाकांचे पॅड बदलले, ब्रेक ऑईल बदलले आणि गाडी परत आली ती मऊ पेडल घेऊन.

गाडी पुन्हा गॅरेजात गेली. तेथील कारागिराने दोन वेळा पेडल दाबून पाहिले व निकाल दिला : मास्टर सिलिंडर गेला, बूस्टरही गेला, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी हे बरे. पुतण्यास हे तत्काळ पटले. भाऊजी काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून बापलेकांत गाडीचा विषय निघेनासा झाला. इकडे नातवंडांना मृत समुद्रावर नेण्याचा बेत मात्र ठरलेला होता आणि भाऊजी म्हणत होते, "मऊ आहे, पण लागतो की ब्रेक!" मी एवढेच म्हटले की, पेडल मऊ का आहे हे कळेपर्यंत या गाडीत मूल बसणार नाही.

मी व्यवसायाने शिक्षिका. अध्यापक विद्यालयात आम्हांस पहिल्याच वर्षी एक गोष्ट बजावून सांगितली होती की, "मुलगा गणितात कच्चा आहे" हे निदान नव्हे, ती तक्रार होय. तो हातचा विसरतो, की पाढा चुकतो, की प्रश्नच वाचता येत नाही, हे शोधणे म्हणजे निदान. दुसरेही एक सांगितले होते : उत्तर बरोबर आले तरी पायऱ्या पाहाव्यात. पायऱ्यांवाचून आलेले उत्तर खरे ठरले तरी ते मुलाचे ज्ञान नसते. त्या कारागिराचा निकाल ऐकताना मला हे आठवले. कदाचित तो बरोबरही असेल. परंतु त्याने पायऱ्या दाखविल्या नव्हत्या.

ब्रेक कसा चालतो हे मी वर्गात दोन पिचकाऱ्या व एक रबरी नळी घेऊन दाखविते. दोन्हींत पाणी भरावे, नळीने जोडाव्यात. एक दट्ट्या दाबला की दुसरा तत्क्षणी वर येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातील नियम. मोटारीत पायाखालचा दट्ट्या म्हणजे मास्टर सिलिंडर आणि चाकाजवळचे दट्टे म्हणजे कॅलिपर. जोरात ब्रेक दाबला असता नळ्यांतील दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीच्या घरात जातो. एवढ्या दाबाखाली द्रव जेमतेम अर्धा टक्का आकुंचन पावतो, म्हणून पेडल टणक लागते. आता त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. हवा दहापट दाबाखाली एक दशांश होते. पायाचा जोर मग पॅड दाबण्याऐवजी बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतो.

तथापि मऊ पेडल म्हणजे हवाच, असे मात्र नव्हे. जुन्या गाडीत पेडलची तक्रार निदान चार प्रकारची असते आणि त्यांतील भेद पायास कळतो. पेडल स्पंजासारखे दबते व दोन-चार वेळा मारल्यावर वर येऊन टणक होते, तेव्हा बहुधा नळ्यांत हवा असते. पेडल टणक लागते पण पहिल्या दाबास फार खाली जाते, तेव्हा मागील ड्रम ब्रेकचे अंतर वाढलेले असते, किंवा चाकाचे बेअरिंग सैल अथवा डिस्क वाकडी असून ती पॅडना मागे ढकलीत असते. पेडल सारख्या दाबाखाली हळूहळू जमिनीकडे जाते, तेव्हा द्रव कोठून तरी निसटत असतो : एक तर बाहेर, नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत, झिजलेल्या रबरी कपांवरून. आणि पेडल किती मारले तरी स्पंजासारखेच राहते, तेव्हा जुन्या रबरी होज दाबाखाली फुगत असण्याचा संभव असतो.

या यादीत बूस्टर नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. बूस्टर म्हणजे इंजिनच्या निर्वाताच्या साहाय्याने पायाचा जोर वाढविणारा मोठा डबा. तो निकामी झाला की पेडल दगडासारखे कठीण होते, मऊ होत नाही. म्हणजे कारागिराने सांगितलेल्या दोन दोषांपैकी एकाची लक्षणे गाडीच्या लक्षणांच्या नेमकी उलट होती.

एका शुक्रवारी सकाळी मी आणि भाऊजी अंगणात उभे राहिलो. भाऊजींनी मुंबईस असताना तीन वर्षे टॅक्सीच्या गॅरेजात हात काळे केले होते; मी वही घेतली. गाडी सपाट जागी, चाकांना दगडांची उटी लावून, हातब्रेक ओढून उभी केली. प्रथम केवळ पाहणे : टाकीतील पातळीस पेन्सिलीने खूण केली, चारही चाकांच्या आतील बाजू, नळ्यांचे सांधे, पेडलखालील गालिचा आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जेथे जोडलेला असतो ती जागा कोरडी आहे का हे पाहिले. सर्व कोरडे होते.

दुसरी पायरी बूस्टरची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले, म्हणजे साठलेला निर्वात संपतो. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले. पेडल पायाखाली किंचित खाली गेले. असे होणे हेच बूस्टर चालू असल्याचे लक्षण होय. यासच दोष समजून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. बूस्टर निर्दोष ठरला.

तिसरी पायरी : इंजिन चालू, पेडलवर बेताचा पण सारखा दाब, आणि माझ्या हाती घड्याळ. वीस सेकंदांत पेडल खाली जात असल्याचे दिसू लागले. मिनिट होण्याच्या आत ते जवळजवळ गालिच्याशी आले. टाकीतील पातळी पाहिली, पेन्सिलीच्या खुणेवरून ती हललेली नव्हती. द्रव बाहेर गेला नाही, तरी दाब टिकला नाही. याचा अर्थ तो सिलिंडरच्या आतच कपांवरून मागे येत होता. कारागिराचे अर्धे उत्तर बरोबर होते.

भाऊजी येथेच थांबण्यास तयार होते. मी म्हटले, "वही अजून भरली नाही." इंजिन बंद केले, पुढील चाक वळविले आणि भाऊजी पेडल दाबीत असताना मी कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होजवर बोटे ठेवली. डाव्या बाजूची होज प्रत्येक दाबासरशी फुगत असल्याचे बोटांस स्पष्ट जाणवले. तिच्यावर बारीक भेगाही होत्या. बहुधा ती गाडीच्या जन्मापासूनची असावी. म्हणजे दोष दोन होते, आणि एकाच्या आड दुसरा लपला होता. केवळ सिलिंडर बदलला असता, तर पेडल तरीही मऊच राहिले असते, आणि मग "एवढा खर्च करूनही गाडी सुधारत नाही" असे म्हणून तिला खरोखरच भंगारात पाठविले गेले असते.

पॅड व ऑईल बदलल्यावरच सिलिंडर का गेला, हेही समजून घेण्यासारखे आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे दट्टे आपल्या मार्गाच्या काही भागातच ये-जा करतात. उरलेल्या भागात वर्षानुवर्षे गंज व मळ साचतो. हवा काढताना पेडल थेट जमिनीपर्यंत दाबले, की मऊ रबरी कप त्या खरबरीत भागावरून घासले जातात व फाटू शकतात. यासाठी जाणते कारागीर जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात. ठोकळ्यास काही मोल पडत नाही.

ब्रेक ऑईलविषयीही दोन शब्द. त्यास आपण ऑईल म्हणतो खरे, पण बहुतेक गाड्यांत ते खनिज तेल नसून ग्लायकॉलपासून केलेला द्रव असतो, आणि तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला असता ही उष्णता सहज गाठली जाते. द्रवाची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. घरून निघताना टणक असलेले पेडल घाटाच्या पायथ्याशी मऊ होते ते यामुळे. म्हणून दर दोन वर्षांनी द्रव बदलावा व उतार खालच्या गिअरात उतरावा. काही भारी गाड्यांचा नियम मात्र निराळा आहे. रोल्स-रॉइसने १९८० सालच्या सिल्व्हर स्पिरिटपासून ब्रेकसाठी खनिज तेल वापरले. अशा गाडीत साधा ब्रेक द्रव, अथवा साध्या गाडीत खनिज तेल घातले, तर सर्व रबरे नासतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचल्यावाचून थेंबही घालू नये.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका गॅरेजात गेलो. गाडी चालवीत नव्हे, ओढून नेणाऱ्या ट्रकवर चढवून. नवा मास्टर सिलिंडर व चारही नव्या होज बसविल्या. बूस्टर जुनाच राहिला. नंतर मोकळ्या मैदानात, मंद गतीने, गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली आणि घड्याळ लावून पेडल मिनिटभर दाबून धरले. ते जागचे हलले नाही.

त्या संध्याकाळी पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, गाडीची मला काळजी नव्हती. बाबांचा गुडघा अजून वाकत नाही. त्या उतारावर त्यांनी गाडी चालवू नये, हे त्यांना कोण सांगणार?" तेव्हा मला उमगले की, गाडी भंगारात देण्याची त्याची घाई कशातून आली होती. बापास "तुम्ही चालवू नका" म्हणणे कठीण. "गाडी चालवू नका" म्हणणे सोपे. येथेही एका गोष्टीच्या आड दुसरी लपली होती. आता ब्रेकचा प्रश्न मिटल्यामुळे दुसरा प्रश्न उघड्यावर आला आणि त्यास स्वतंत्रपणेच उत्तर देणे भाग पडले. मी मुलास सांगितले, "माझ्या तोंडून नको, तूच सांग, आणि आजच सांग." त्याने सांगितले. भाऊजी बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "गावात मी चालवीन, तेही डॉक्टर हो म्हणाले तर. उतारावर तू. पण दुसऱ्या गिअरात उतरायचे, आणि मी शेजारी बसणार." पुढील महिन्यात सर्वजण जाऊन आले.

वाचकबंधुभगिनींनो, आपली गाडी आलिशान असो वा साधी, पेडल मऊ लागले तर ती चालवू नका. टाकीची पातळी, पेडल किती वेळात किती खाली जाते, मारल्यावर वर येते की नाही, आणि हे केव्हापासून व कोणत्या कामानंतर सुरू झाले, एवढे कागदावर टिपा व तो कागद कारागिराच्या हाती द्या. चांगला कारागीर त्याने रागावत नाही. उलट त्याचे अर्धे काम झालेले असते, आणि कोणता भाग कशासाठी बदलला हे तो आपणांस त्याच कागदावर दाखवू शकतो.