गाळावर उतरलेली पाखरं

निफाडच्या थंडीत पहाटे चापडगावची वाट धरली. द्राक्षबागांच्या बांधांवर शेकोट्या धुमसत होत्या. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून बागायतदार रात्र जागून बागेत धूर करतात. तिथल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयावरचे पक्षी पाहायचे तर वेळही हीच. ऊन चढलं की पाण्यावर झळा उठतात आणि दुर्बिणीतून लांबचं काही धड दिसत नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली इंग्रजी अमदानीत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. त्याचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे गेले आणि नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत राहिला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पाखरांचं मात्र सगळं त्याच्यावरच चालतं. गाळाची बेटं झाली, पाणी उथळ पसरलं, पाणवनस्पती आणि गोगलगाई वाढल्या. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ म्हणून ही जागा जाहीर झाली.

काठाकाठाने चालताना धोबी पक्षी शेपटी हलवत पुढे पुढे पळत होते. गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोच खुपसत होते. मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ते थापट्या बदकांनी. फावड्यासारखी रुंद चोच पाण्याला टेकवून थवाच्या थवा एकाच जागी गोल फिरत होता. त्या फिरण्याने तळातले बारीक जीव वर येतात आणि चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून गाळून घेता येतात. म्हणजे पाणी खोल झालं की त्यांची ही युक्ती तोकडी पडणार. एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बेटावरून अगदी कमी उंचीवरून उडत गेला आणि शेकडो वारकरी पक्षी पाणी तुडवत एका बाजूला पळाले.

‘‘ताई, आता बोलू नका,’’ सोबतचा गावातला गाईड हळूच म्हणाला. ‘‘हरभऱ्यात क्रौंच उतरलेत.’’ राखाडी अंगाचे, उंच मानेचे क्रौंच ओळीने चरत होते. उत्तरेकडून, हिमालयापलीकडून आलेले हे पाहुणे दिवसा शिवारात चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. शेत आणि पाणथळ जवळजवळ असल्याशिवाय त्यांचा हिवाळा निभत नाही.

दुपारी पक्षी-निरीक्षणाच्या मनोऱ्यावर बसून पाण्याकडे पाहताना मनात एकच गोष्ट घोळत होती. दारणा-गंगापूर धरणांतून शेतीसाठी सोडलेल्या पाण्याचं आवर्तन इथूनच पुढे जातं. वरून पाणी आलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतवारांसारख्या चिखलावर चरणाऱ्या पाखरांना जागा उरत नाही. शेतीला पाणी हवंच, त्यात दुमत नाही. पण हिवाळ्याचे तीन-चार महिने आवर्तनाची आखणी करताना पाखरांच्या पाणीपातळीचाही विचार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. रामसरचा मान कागदावर मिळाला. चिखल उघडा राहिला तरच हा मान इथे टिकेल.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी सरायच्या आत जा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि गावातलाच गाईड घ्या. आणि एक कळकळीची विनंती: उडत्या थव्याच्या फोटोसाठी पाण्यात दगड मारू नका. हिवाळा काढायला इथे आलेली ही पाखरं हजारो मैलांच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात.