दोन बर्नर, एक टाकी

पाटोद्यात ‘बॅकअप’ हा शब्द फार उशिरा आला. बॅकअप त्याच्या कितीतरी आधीपासून होता. आमच्या तालुक्यात मांजरा नदी उगम पावते आणि उगम पावल्यापावल्या शहाण्या माणसासारखी दुसऱ्या मुलखाकडे निघून जाते. मागं राहिलेल्यांनी काय करावं? नळाला पाणी नसेल म्हणून आड, आड आटेल म्हणून टँकर आणि टँकर येणार नाही म्हणून रांजण. लाइट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरनं मान टाकली तर कंदील. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या देवघरातसुद्धा काडेपेट्या दोन असतात. एक देवाची आणि दुसरी, देवाची सादळली तर.

अशा घरात वाढलेला माझा भाचा अमेरिकेत नोकरीला गेला आणि तिथं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधायला बसला. बातमी ऐकून शेजारपाजारचे “किती सीटा बसतील?” म्हणून विचारू लागले. अक्कानं एवढंच विचारलं, “मधीच बंद पडलं तर?”

आता, घरी विमान बांधणं हे काही त्याच्या एकट्याचं वेड नव्हे. आपल्या मुंबईत, कांदिवलीला, अमोल यादव या वैमानिकानं इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. ज्या गच्चीवर तुम्हीआम्ही कुरडया वाळत घालतो, तिथं एक माणूस विमान घालतो. गच्चीचा दोष नाही. अमेरिकेत तर असे हौशी पुष्कळ. तिथं अशा विमानावर ‘प्रायोगिक’ असं स्पष्ट लिहावंच लागतं. आपल्याकडच्या काही काळ्यापिवळ्या जीपांवरही तसं लिहायला हरकत नव्हती.

दिवाळीला भाचा पाटोद्याला आला. फराळाला बसल्यावर मी त्याला इंजिनाबद्दल विचारलं. त्यानं ताटलीतला सामोसा उचलला.

“मामा, हे माझं इंजिन.”

त्याचं इंजिन माझदा कंपनीच्या मोटारीतलं होतं. त्याला रोटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी वेगळी. तिच्यात अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगरायचं. ही रोटरी फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाची, १९५७ साली पहिल्यांदा चाललेली. हिच्यात दट्ट्या वरखाली होत नाही. कडा फुगलेला एक त्रिकोण, म्हणजे थेट सामोसाच, पोटात किंचित आवळलेल्या डब्यात फिरतो. सामोशाची एक फेरी झाली की मधल्या दांड्याच्या तीन होतात. हलणारे भाग थोडे, आकार लहान आणि जोर दांडगा. भाच्याच्या इंजिनात असे दोन सामोसे होते आणि प्रत्येकाला दोन दोन प्लग. एक प्लग गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं.

“बघ अक्का,” मी म्हणालो, “प्लगसुद्धा दोन दोन.”

“ठिणगी कुठनं येती?” अक्का म्हणाली.

इथं भाचा जरा सावरून बसला. विमानासाठीच बनवलेल्या नेहमीच्या इंजिनांना दोन मॅग्नेटो असतात. आमच्या जुन्या लुनाला होतं तसलंच लोहचुंबकाचं प्रकरण. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी घरचीच तयार होते, बॅटरीची मिनतवारी नाही. (लुनाला शिवाय पायडल होते. पेट्रोल संपलं की मालक स्वतः इंजिन व्हायचा. इतका प्रामाणिक बॅकअप मी दुसरा पाहिला नाही.) पण माझदाचं इंजिन पडलं मोटारीचं. त्याची ठिणगी बॅटरीवर, पेट्रोलचा पंप बॅटरीवर आणि हवेचा दाब नि इंजिनाचे फेरे बघून कधी, किती पेट्रोल फवारायचं हे ठरवणारी कॉम्प्युटरची पेटीही बॅटरीवर. पेटी झोपली की ठिणगी नाही आणि पेट्रोलही नाही. मोटार अशी बंद पडली तर माणूस मांजरसुंब्याच्या घाटात कडेला लावून चहा पितो. हजार फुटांवर कडा नसते.

अक्कानं स्वयंपाकघरात बोट केलं. “म्हंजी बर्नर दोन, टाकी एकच.”

भाचा इंजिनिअर आहे. परदेशात त्याला चांगला पगार आहे. पण त्या वाक्यानंतर त्यानं खिशातलं पेन काढलं आणि चिवड्याच्या कागदावर विमानाच्या वायरिंगचा नकाशा काढायला घेतला. या पंथात ट्रेसी क्रूक हे मोठं नाव. त्यांनी आरव्ही-४ या छोट्या विमानात माझदाचं हेच इंजिन बसवून वर्षानुवर्षं उडवलं आणि मुख्य व राखीव असे दोन नियंत्रक असलेली पेटी तयार केली. तशी व्यवस्था भाच्यानं केली होती. राखीव नियंत्रक, राखीव पंप, पेटीचा अंदाज चुकला तर पेट्रोल हातानं कमीजास्त करायची घुंडी, सगळं होतं. आता कागदावर दुसरी बॅटरीही आली.

तेवढ्यात मोटारी भरणारे आमचे मिस्त्री फराळाला आले. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्यात. त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला.

“अर्थिंग कुठं दिलं?”

“दोन्हींचं एकाच बोल्टवर, काका.”

“मंग बोल्ट ढिला झाला की दोन्हीबी गेल्या. आन् पंप दोन, पर जाळी?”

पेट्रोल गाळायची जाळी एकच होती. विहिरीवर दोन मोटारी बसवायच्या, पण पाण्यातली जाळी एकच ठेवायची, असला शेतकरी मिस्त्रींनी पाहिला नव्हता. एकदा शेवाळ बसलं की दोन्ही मोटारी नुसत्या गुरगुरणार. मुख्यावरून राखीववर जायचं बटणही एकच निघालं, आणि तेच जळालं तर काय, हे कागदावर कुठंच नव्हतं. एका फराळात चार टाक्या सापडल्या. भाच्यानं शेवटी बटण वाटेतूनच काढलं. दोन्ही बाजूंना आपापली बॅटरी, आपापली वायर, आपापला बोल्ट.

“आन् पेटवून बघतो का मधनंमधनं?” अक्कानं विचारलं. गॅस असला तरी मागच्या दाराची चूल ती आठवड्यातून एकदा पेटवतेच. न पेटवलेल्या चुलीत मांजर वितं आणि नेमकी सणाच्या दिवशी टाकी संपते, हा तिचा अनुभव. भाचा म्हणाला की वैमानिकही हेच करतात. उड्डाणाआधी जमिनीवरच एक बाजू बंद करून बघायची, मग दुसरी. फेरे थोडे उतरले तर ठीक. इंजिनच थांबलं तर तिथूनच घरी जायचं.

अक्काचं बरंचसं समाधान झालं. तिनं लाडवाचा डबा पुढं सरकवला.

“आन् चालवणारा?”

“मीच की.”

“एकटाच?”

भाचा माझ्याकडं बघायला लागला. मी सामोशाकडं.

“खुर्च्या दोन आहेत,” तो हळूच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अक्कानं ओळखीच्या चार घरांत निरोप धाडले. मुलगी शिकलेली असावी, घरची बरी असावी, पत्रिका जुळावी या नेहमीच्या अटी होत्याच. शेवटी एक नवी होती. वेळ आलीच तर तिला विमान खाली उतरवता आलं पाहिजे. अजून दोनच स्थळांचं उत्तर आलंय. एकानं पगार विचारलाय आणि दुसऱ्यानं, विमान कुणाच्या नावावर आहे ते.