इजा झालेला माणूस

र. धों. कर्वे शिकवताना खटल्यांपाशी मी दरवर्षी थोडा घाई करतो. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. पुढे अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. निमित्त होते वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांचे.

यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यात नुकसान कुणाचे झाले?" मी समाजाच्या नीतिमत्तेविषयी नेहमीचे बोललो. ती म्हणाली, "विचारणाऱ्याने आपणहून विचारले, वाचणाऱ्याने पैसे देऊन वाचले." चिडलेली माणसे मला दाखवता आली असती; इजा झालेला माणूस दाखवता येईना. आणि तो नसेल, तर शिक्षा कशाची?

दंड संहितेचे कलम २९२ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम २९४ झाले. गुन्हा कायम आहे. कायद्याला जुनाट म्हणणे सोपे असते (आम्हा प्राध्यापकांना तर फारच). पण वर्गात वाटलेल्या झेरॉक्समधून तीच प्रश्नोत्तरे मी गाळली होती. तक्रार कुणाचीही नव्हती.

गाळलेली पाने दुसऱ्या दिवशी तिला दिली. वर्गाला अजून दिलेली नाहीत.