साठ तास

परगांवीं निघतांना मनुष्य सामानाची यादी करतो. परंतु त्या यादींत न लिहिलेली एक वस्तु त्याच्याबरोबर हटकून जाते, व ती म्हणजे स्वतःविषयींचें त्याचें मत. गेल्या ऑक्टोबरांत आम्ही तीन सोबत्यांसह हिमाचल प्रदेशांतील बीर या गांवीं गेलों. मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं आठवडाभर पॅराग्लायडरनें उडावें, असा बेत होता. पाठीवरच्या गाठोड्यांत नायलॉनचा पंख, दोऱ्या, आसन व राखीव छत्री होती. आणि या सर्वांवर, आपण चांगले उडणारे आहों ही समजूत होती. सामानांत सर्वांत जड तीच निघाली.

पठाणकोटाहून निघालेली आमची मोटार पालमपूरचे चहाचे मळे मागें टाकीत, बैजनाथच्या प्राचीन शिवमंदिरावरून बीरला पोहोंचली, तेव्हां दुपार कलली होती. उत्तरेस धौलाधाराची रांग अंगावर आल्यासारखी उभी होती. बीर सुमारें १,४०० मीटर उंचीवर. त्याच्या माथ्यावर, सुमारें २,४०० मीटरांवर, बिलिंगचें कुरण, जेथून झेप घ्यावयाची. आणि त्याच्याही मागें चार हजार मीटरांहून उंच शिखरें. १९५९ नंतर भारतांत आलेल्या तिबेटी निर्वासितांची येथें वसाहत आहे. तिच्यांतील पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. आकाशांत कितीतरी रंगीत पंख गिधाडांच्या संगतीनें घिरट्या घालीत होते. २०१५ सालीं पॅराग्लायडिंगची जागतिक करंडक स्पर्धा याच आकाशांत झाली होती. आतां आपणही त्याचे मानकरी, या विचारानें आमची छाती फुगली.

तोंवर आमचें उडणें पुण्याजवळच्या कामशेतच्या टेकड्यांवर झालें होतें. तेथें वारा टेकडीवर आदळून वर चढतो. त्याच्या काठाकाठानें येरझारा घातल्या कीं काम भागतें. बिलिंगला तेवढ्यानें भागत नाहीं. उन्हानें तापलेल्या उतारांवरून उष्ण हवेचे स्तंभ वर चढतात; त्यांत शिरून गिधाडासारखें वर्तुळ घेत उंची मिळवावी, आणि ती खर्चून पुढचा स्तंभ गांठावा. स्तंभाच्या कडेला चढती व उतरती हवा एकमेकींस घांसत असतात. तेथें पंखाची एक बाजू कागदासारखी मिटूं शकते. ती सावरण्याचें शहाणपण हातांत मुरलेलें असावें लागतें. पुस्तक वाचून तें येत नाहीं.

संध्याकाळीं मार्गदर्शकानें चौघांपुढें एकेक कागद ठेवला. तो येथल्याच डोंगरांत वाढलेला, वयानें आमच्याहून बराच लहान. नांव, रक्तगट, घरचा दूरध्वनि. राखीव छत्री उघडून पुन्हां घडी केव्हां केली. आणि आजवर किती तास उड्डाण झालें? आमच्या वडील सोबत्यांनीं शेजारीं बसून ‘नव्वद’ लिहिले. आमचे तास सत्तावीस होते. आमच्या हातानें साठ लिहिले. कोणी शंका घेतली नाहीं. दोन आंकड्यांचें काम, क्षणांत झालें.

जेवणानंतर कागद चाळून त्यानें आमचें नांव त्या वडील सोबत्यांच्या जोडीस घातलें. तिसऱ्या दिवशीं धर्मशाळेच्या दिशेनें डोंगराच्या कडेकडेनें दूर जावयाचें. मध्यें दऱ्या लागतात, तेथें उतरण्याजोगी सपाट जागा नाहीं, असें तो सहज बोलून गेला.

रात्रीं झोंप येईना. तो कागद आमची थोरवी मोजण्यासाठीं नव्हताच, हें आतां ध्यानांत आलें. वायरलेसवरून कोणास ‘पुढें जा’ म्हणावें आणि कोणास ‘आतां उतरा’ म्हणावें, हें तो त्या आंकड्यावरून ठरविणार होता. येथें अनुभवी वैमानिकांचेही प्राण गेले आहेत. आम्ही एखाद्या दरींत कोसळलों असतों, तर आमच्या शोधासाठीं ती दरी त्याच पोरास उतरावी लागली असती.

सकाळीं जीप चौदा किलोमीटरांचीं वळणें चढून बिलिंगला पोहोंचली. सर्वजण पंख पसरीत असतां आम्हीं त्यास बाजूला घेऊन म्हटलें, “कालचा आंकडा खोटा होता. तास सत्तावीस.” वाटलें, तो हंसेल किंवा रागावेल. त्यानें कागद काढला, साठावर रेघ मारली, सत्तावीस लिहिले आणि विचारलें,

“त्यांतले उष्ण हवेंतले किती?”

“दोन.”

“ठीक आहे. या आठवड्यांत आपण समोरच्या धारेपलीकडे जाऊं नका. मी बोलत राहीन.”

सोबती दूरदूर जाऊन आले. आम्ही बीरच्या डोक्यावर फिरत राहिलों. पहिल्याच दिवशीं एका स्तंभानें आम्हांस बिलिंगच्याही वर उचललें, पंख थरथरला, आणि हात घाबरून ताठले. तोंच कानांत शांत आवाज आला, “हात सैल सोडा. आतां उजवीकडे.” तो आवाज सत्तावीस तासांच्या मनुष्याशींच बोलत होता, म्हणूनच आम्हांस त्याचें ऐकतां आलें.

परततांना आमच्या नोंदवहींत छत्तीस तास झाले होते. साठ व्हावयास अद्याप पुष्कळ अवकाश आहे.