काळोखातला गुलाब

मुलांनो, गुलाबाचा फोटो काढायला कुणी थंडीत कुडकुडत रात्रभर जागेल का? मी आणि माझी भाची जागलो! कारण हा गुलाब बागेतला नव्हता, आकाशातला होता.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालात, की पेंचचं जंगल लागतं. वाघांसाठी प्रसिद्ध असलेलं हे जंगल जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. इथल्या सिल्लारीसारख्या गावांत रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडं खाली वळवली आहेत. उजेड पायांपुढे पडतो, आकाशात सांडत नाही.

आता माझ्याबरोबर वर बघा. मृग नक्षत्रातला तो तांबूस तारा म्हणजे काक्षी. तिथून प्रश्वाकडे निघा आणि साधारण एक तृतीयांश वाटेवर थांबा. काहीच दिसत नाही ना? पण तिथेच आहे रोझेट तेजोमेघ! सुमारे ५००० प्रकाशवर्षं दूर. आकाशात पूर्णचंद्राच्या दुपटीहून रुंद, पण फार मंद. तिथे वायू आणि धुळीतून नवे तारे जन्मतात. मधल्या तरुण, तप्त ताऱ्यांमुळे भोवतालचा वायू उजळतो.

गंमत अशी, की प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक रंगांतच चमकतो. आमचे फिल्टर नेमका तेवढाच रंग आत सोडतात, बाकी उजेडाला मज्जाव! एक फिल्टर हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा, एक गंधकाचा. कॅमेरा कृष्णधवल. पृथ्वी फिरते, म्हणून त्याला ताऱ्यांमागे हळूहळू फिरवणारी मोटर. एकेक फोटो पाच मिनिटांचा! असे कितीतरी फोटो नंतर एकावर एक रचायचे.

पहाटे दोनला भिंगावर दव साचलं. सहा फोटो वाया! भिंग पुसायचं नसतं बरं का, हलकी ऊब द्यायची असते.

घरी रंग भरले, तर भाची रागावली. ‘‘मामा, हायड्रोजन लाल ना? मग तू हिरवा का केलास? खोटा फोटो!’’

प्रश्न रास्त होता. हायड्रोजन आणि गंधक, दोन्ही लालच. तसेच ठेवले तर कोण कुठे आहे ते कळणार कसं? म्हणून गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या गरुड तेजोमेघाच्या गाजलेल्या चित्रातही असंच केलं होतं. नकाशात जिल्ह्यांना वेगवेगळे रंग देतात, म्हणून नकाशा खोटा ठरतो का? मात्र रंग आपण दिलेत, हे फोटोखाली लिहायला हवं. आम्ही लिहिलं.

‘‘पण या फिल्टरने शहरातूनही फोटो निघतो म्हणालास. मग एवढ्या लांब कशाला गेलो?’’

‘‘तिथे वर बघून तू काय म्हणालीस, आठव.’’

ती हसली. ‘‘एवढे तारे आपल्याकडे का नाहीत, म्हणाले.’’

आपल्याकडेही आहेत, दोस्तांनो! उजेडात बुडालेत. कॅमेऱ्याला फिल्टर लावता येतो, पण आपल्या डोळ्यांना हरवलेले तारे परत दाखवील असा फिल्टर नाही. येत्या थंडीत गच्चीवरचा दिवा घटकाभर बंद करा आणि मृगातले तारे मोजा. किती भरले?