रेघ कुठं मारायची?

मंडळी, आज शनिवार, आणि आजचा विषय आहे एक्सेलमधल्या रेघा. हो, बरोबर वाचलंत. सेलच्या बॉर्डर्स! आठवडाभर ऑफिसात तेच आणि सुट्टीच्या दिवशी पण तेच का, असं म्हणाल. पण जरा थांबा, यात भाऊबंदकी पण आहे. :-)

आपल्यापैकी बहुतेकांची पद्धत ठरलेली असते. डेटा भरून झाला की सगळं सिलेक्ट करायचं, छोट्या चौकटीच्या बटणाशेजारचा बाण दाबायचा आणि ‘ऑल बॉर्डर्स’ निवडायचं. झालं टेबल! प्रिंट काढला की ते खिडकीच्या जाळीसारखं दिसतं. सगळीकडे सारखीच रेघ असली की कुठलीच रेघ काही सांगत नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही.

काही लोक याच्या पुढे जातात. ते ठरावीक ओळींनंतर एक जाड रेघ मारतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की इथे एक गट संपला. कल्पना उत्तम. माझा चुलतभाऊ या जातीतला.

तो मुरुडला असतो. मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे हां. आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की निम्मे लोक बीच कसा आहे विचारतात. आमच्याकडे समुद्र सोडा, प्यायच्या पाण्याची मारामार. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. अशा मुलखात विहिरीचा हिशोब हा साधा हिशोब नसतो.

आमच्या शेतात एक सामाईक विहीर आहे, चार घरांची. मोटार एक. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, त्याप्रमाणे पाळ्या लावलेल्या. मोटार जळली, केबल तुटली, पाईप फुटला, की तो खर्च ज्याने जितके तास मोटार चालवली त्या प्रमाणात वाटायचा. पूर्वी हे वहीत असायचं. आता चुलतभाऊ एक्सेलमध्ये ठेवतो. तारीख, घर, पासून, पर्यंत, तास. महिन्याला साठ-सत्तर ओळी.

त्याने नोंदी तारखेप्रमाणे भरल्या आणि प्रत्येक आठवड्यानंतर एक जाड रेघ मारली. महिनाअखेरीला हिशोबासाठी तेच शीट घराप्रमाणे सॉर्ट केलं आणि प्रिंट काढून आणला. सगळे ओट्यावर बसले. आता बघा, हिशोबाला बसलेला माणूस प्रत्येक ओळीतलं नाव वाचत नाही. तो रेघ ते रेघ बेरीज करतो. आप्पांनी पेन घेऊन आपल्या घराची बेरीज केली, तर शेजारच्या घराचे नऊ तास त्यांच्या रेघेच्या आत आलेले!

“ही रेघ हितं कामून मारलास?”

“आप्पा, मी नाही मारली हो इथं. ती आपोआप आली.”

“आपोआप? मला येडं समजायलास का रे?”

त्यानंतर बैठक मोडली. दोन दिवस आप्पांच्या घरातून कुणी मोटारीच्या खोलीकडे फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन आला, “दादा, एक्सेलमध्ये भूत आहे का काय?”

भूत नाही. एक्सेलमध्ये सॉर्ट केलं की सेलमधला मजकूर हलतो, त्याच्याबरोबर सेलचा रंग हलतो, फाँट हलतो, पण बॉर्डर हलत नाही. ती जिथे मारली तिथेच बसून राहते. म्हणजे आठवड्याच्या रेघा जागच्या जागी राहिल्या आणि त्यांच्या खालून-वरून घरं बदलली. चुलतभाऊ अक्षरशः खरं बोलत होता!

याला थोडा इतिहास पण आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणलं, तेव्हा सेलला बॉर्डर हा प्रकारच नव्हता. रेघ हवी असेल तर एक अख्खी ओळ खर्च करून तिच्यात डॅश भरायचे. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्येही तेच. ती रेघ म्हणजे शीटमधली एक ओळच होती. पुढे ग्राफिक्सवाले स्क्रीन आले आणि रेघ सेलच्या कडेला जाऊन चिकटली. दिसायला सुंदर झाली, पण आपण ती डेटावर मारतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात मारतो कागदावर.

मग करायचं काय? हाताने मारायची रेघ आणि नियमाने येणारी रेघ, अशी कामं वेगळी करायची.

हाताने मारायच्या रेघा थोड्याच असतात, आणि त्यांना माऊस लागत नाही. टेबलात कुठेही उभं राहून कंट्रोल-ए केलं की सलग टेबल सिलेक्ट होतं. कंट्रोल-शिफ्ट-७ ने बाहेरची चौकट येते. कंट्रोल-शिफ्ट-मायनसने निवडलेल्या भागातल्या सगळ्या रेघा पुसल्या जातात. कंट्रोल-१ ने फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडते, तिथे रेघेचा प्रकार आणि रंग ठरवता येतो. एकदा केलेलं काम दुसरीकडे परत करायचं असेल तर एफ-४. आणि दुसरीकडून डेटा आणताना पेस्ट स्पेशलमध्ये ‘ऑल एक्सेप्ट बॉर्डर्स’ निवडा, म्हणजे पाहुण्याबरोबर त्याच्या रेघा घरात येत नाहीत.

गटाची रेघ मात्र नियमाने आणायची. सगळ्या जुन्या बॉर्डर्स पुसा. पहिली ओळ मथळ्याची, आणि घराचं नाव बी कॉलममध्ये आहे असं धरा. दुसऱ्या ओळीपासून खाली थोड्या रिकाम्या ओळीही धरून सिलेक्ट करा. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये फॉर्म्युला वापरून नवीन नियम करा:

=$बी२<>$बी१

(बी अर्थातच इंग्रजीतला, आकडे पण.) मग फॉरमॅटमध्ये जाऊन फक्त वरची कड काळी करा. याचा अर्थ सरळ आहे. या ओळीतलं घर वरच्या ओळीतल्या घरापेक्षा वेगळं असेल, तरच मध्ये रेघ मार. आता सॉर्ट करा, ओळी घाला, काढा. जिथे घर बदलेल तिथेच रेघ येणार.

यात दोन गमती फुकट मिळतात. मथळ्याखालची रेघ आपोआप येते, कारण ‘घर’ हा शब्द कुठल्याच घराचं नाव नाही. आणि शेवटच्या नोंदीखाली पण येते, कारण पुढचा सेल रिकामा असतो. त्याच्या खालचे रिकामे सेल एकमेकांसारखेच, म्हणून तिथे काही नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जाड रेघ मिळत नाही, बारीकच मिळते. माझ्या मते हे बरंच आहे. बाकीच्या आडव्या रेघा काढून टाका किंवा फिकट करड्या ठेवा, उभ्या रेघांच्या जागी आकडे उजवीकडे नीट लावा. मग ती एक बारीक काळी रेघ पण ठळक दिसते. बेरजेखाली मात्र ‘टॉप अँड डबल बॉटम बॉर्डर’ हाताने द्या. खाली दुहेरी रेघ म्हणजे हिशोब इथे संपला, हे वहीवाल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता वाटेल, एका रेघेचं एवढं काय कौतुक? तर आपल्या सरकारलाही हा प्रश्न पडलेला आहे. सातबारा तुम्ही पाहिला असेलच. एका गटात सात-आठ खातेदार असले की नावं एकाखाली एक येतात, आणि एकाचं नाव कुठे संपलं नि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं हे कळेना. २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने सातबाऱ्याचा नमुना बदलला, त्यात दोन खातेदारांच्या मध्ये ठिपक्यांची रेघ आली. मयत खातेदार किंवा फिटलेलं कर्ज यांच्या नोंदींना पूर्वी नुसता कंस असायचा, आता त्यावर आडवी रेघ पण येते. ज्या कागदावर बँक कर्ज देते आणि भाऊ भावाशी कोर्टात भांडतो, त्या कागदाला ही रेघ लागली.

चुलतभावाला मी नियम फोनवरच सांगितला, वीस मिनिटं लागली. आप्पांची बेरीज दुसऱ्या कागदावर जुळली. पण त्यांनी नवीन कागद ठेवून घेतला आणि जुना पण ठेवून घेतला. विश्वास एका कंट्रोल-झेडने परत येत नाही. सध्या चुलतभाऊ दर महिन्याला दोन कागद काढतो. तारखेप्रमाणेचा मोटारीच्या खोलीत लावतो आणि घराप्रमाणेचा हिशोबाला नेतो. दोन्हीतली तासांची एकूण बेरीज एकच येते का, ते आप्पा आधी बघतात आणि मगच चहा घेतात.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की ज्या शीटवर चार लोकांचे पैसे, तास किंवा रजा अवलंबून आहेत, ते एकदा दुसऱ्या कॉलमवर सॉर्ट करून बघा. रेघा जागच्या हलल्या नाहीत, तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.